पुरसा द्यायला जाताना

कुणाच्या घरी मयत झाली की आपल्या तोंडी शब्द तयार असतात. अल्लाहची अमानत होती, त्याने परत घेतली, असे आपण म्हणतो आणि ऐकणाऱ्यालाही थोडा आधार मिळतो. पण ज्याला खुदाही मान्य नाही आणि आखिरतही नाही, त्याच्या दारात उभे राहून काय बोलायचे?

हा विचार मनात आला की आम्हाला डॉ. श्रीराम लागू आठवतात. ‘पिंजरा’, ‘सामना’ घरोघरी पाहिले गेले. हे मोठे नट मूळचे कान-नाक-घशाचे सर्जन आणि उघड नास्तिक. देवाला आता निवृत्त करा, असे त्यांनी लिहिले, तेव्हा मोठा गदारोळ झाला होता. त्यांच्या तरुण मुलाचे नाव तन्वीर, म्हणजे प्रकाशित करणे. धावत्या रेल्वेगाडीवर कुणीतरी भिरकावलेला दगड लागून तो गेला.

आत्मा देहाबरोबरच संपतो असे मानणारा ग्रीक विचारवंत एपिक्युरस सांगत असे, की मरण येते तेव्हा आपण उरतच नाही, मग भ्यायचे कशाला? स्वतःच्या मरणापुरते हे ठीक. पण मुलाच्या मयतीत बाप उरलेला असतो. तिथे हा युक्तिवाद लंगडा पडतो, असे आम्हाला वाटते. दगड फेकणाऱ्या हाताचा हिशोब कयामतच्या दिवशी होणारच, हा आपला ईमान आहे. ज्याला तो दिवसच मान्य नाही, त्याचा हिशोब कायमचा अर्धवट राहतो. एवढे ओझे घेऊन माणूस जगतो कसा?

लागू दाम्पत्याने रूपवेध प्रतिष्ठानतर्फे रंगभूमीवरील कामासाठी ‘तन्वीर सन्मान’ सुरू केला. सामाजिक कार्यकर्त्यांना मानधन मिळावे म्हणून उभारलेल्या सामाजिक कृतज्ञता निधीसाठी ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग झाले, त्यातही डॉक्टर होते. आपण याला सदका-ए-जारिया म्हटले असते. त्यांना तो शब्द चालला नसता. माणूस गेल्यावर त्याचे काम आणि आठवण दुसऱ्यांत उरते, तेवढेच उरते, हा नास्तिकांचा हिशोब. आम्हाला तो अपुरा वाटतो. पण सवाबाची अपेक्षा नसताना कुणी इतके करतो आणि आपण सवाब मोजूनही हात आखडता घेतो, हे मात्र टोचते.

म्हणून अशा घरी गेल्यावर ‘आता तरी पटले का?’ असा सूर लावू नये. (आम्ही तो ऐकला आहे, आणि तोही नमाजी माणसाच्या तोंडून.) आखिरतवर ज्यांचा पूर्ण विश्वास, त्या प्रेषित मुहम्मद (स.) यांचेही डोळे चिमुकल्या इब्राहीमच्या वेळी वाहिले होते. एका यहुदी माणसाचा जनाजा जाताना ते उठून उभे राहिले. लोकांनी तो यहुदी असल्याचे सांगितले, तर त्यांनी विचारले, तोही एक जीवच नव्हता का?

तेव्हा जावे. दुआ करायची तर मनात करावी. गेलेल्या मुलाचे नाव घ्यावे, तो कसा होता ते विचारावे आणि ऐकत बसावे. मयतीच्या घरी आपल्याकडे शेजारी डबे पोहोचवतात. त्यातला एक त्याही घरी जाऊ द्यावा.