सायकलची शर्यत आणि शेतकऱ्याचे घर



आपल्या भागात पहाटे रस्त्यावर निघालात तर सायकल दामटत जाणारी दोन-चार पोरे हल्ली हमखास दिसतात. कोणी दुधनीहून खानवेलच्या चढाला लागलेला असतो, कोणी मधुबन धरणाच्या पाण्याकडेने परतत असतो. ही पोरे कामावर जाणारी नव्हेत. ती सराव करीत असतात. त्यांच्यापैकी एखादा घरी येऊन म्हणतो, "बाबा, मला शर्यतीला जायचे आहे." आणि मग घरात वाद सुरू होतो. बाप म्हणतो, कापणी तोंडावर आली आणि याला सायकल सुचते. आई म्हणते, रस्त्याला ट्रक किती! आजोबा म्हणतात, आम्ही जन्मभर सायकल मारली, बक्षीस कोणी दिले?

या वादात माझे मत स्पष्ट आहे. जो पोर किंवा पोरगी वर्षभर नियमाने सायकल चालवते, तिला शर्यतीला जाऊ द्यावे. पण तिची तयारी घराने मिळून करावी, जशी आपण आवणीची करतो. तयारीशिवाय पाठवणे म्हणजे राब न भाजता, रोप न टाकता आवणीला बैल जुंपण्यासारखे आहे.

प्रथम आजोबांच्या प्रश्नाचा विचार करू. शेतात राबणाऱ्याला हा वेगळा व्यायाम कशाला? पूर्वी हा प्रश्न बरोबर होता. आज आपल्या घरातली किती पोरे बारा महिने शेतात राबतात? चार महिने भात आणि नागली, उरलेले महिने सिल्वासाच्या कारखान्यात पाळी. कारखान्यात उभे किंवा बसून काम, जायला-यायला मोटारसायकल. मधुमेह आणि रक्तदाब हे आता एकट्या शहराचे रोग राहिलेले नाहीत. प्रौढ माणसाने आठवड्यातून निदान १५० मिनिटे दम लागेल असे श्रम करावेत, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. रोज अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस सायकल मारली की हा हिशेब पुरा होतो. त्याला ना पेट्रोल लागते, ना हप्ता.

आता शर्यतीकडे येऊ. आपल्या शेजारच्या नाशिकचे उदाहरण घ्या. तिथले डॉ. हितेंद्र महाजन आणि डॉ. महेंद्र महाजन हे सख्खे भाऊ. एक भूलतज्ज्ञ, दुसरे दंतवैद्य. दोघांना दवाखाना आणि संसार. २०१५ साली त्यांनी 'रेस अॅक्रॉस अमेरिका' ही शर्यत जोडीने पुरी केली. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून निघायचे आणि पूर्व किनाऱ्यावर पोहोचायचे, सुमारे ४,८०० किलोमीटर. आधी वाळवंटाचा उन्हाळा, मग उंच डोंगर, मग संपता संपत नाही असे मैदान. जोडीला मुदत ९ दिवसांची. महाजन बंधूंनी सुमारे ८ दिवस १५ तासांत ती पुरी केली. अशी कामगिरी करणारी ती पहिली भारतीय जोडी ठरली.

हे कसे साधले? एक भाऊ सायकलवर असताना दुसरा गाडीत विश्रांती घेई. मागे मदतनीसांची तुकडी होती. कोणी गाडी चालवी, कोणी अन्न-पाणी देई, कोणी सायकल दुरुस्त करी, कोणी रस्ता पाही. पदक दोघांच्या गळ्यात पडले, पण चाक फिरवायला हात पुष्कळांचे लागले. आपल्या आवणीतही हेच घडते. रोप उपटणारा एक, चिखल करणारा दुसरा, लावणाऱ्या बाया पाच, आणि भाकरी घेऊन येणारी म्हातारी. शेत मात्र एकाच्या नावावर!

दोन वर्षांनी, २०१७ साली, नाशिकलाच नेमणुकीवर असलेले लष्करातील डॉक्टर श्रीनिवास गोकुळनाथ यांनी हीच शर्यत एकट्याने पुरी केली. त्याच वर्षी नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनीही ती एकट्याने पुरी केली. गोकुळनाथ २०१६ सालीही गेले होते. तेव्हा शर्यत अर्ध्यावर राहिली. घरी येऊन त्यांनी पुन्हा तयारी केली आणि परत गेले. एक पावसाळा दगा देतो म्हणून आपण बियाणे फेकून देत नाही, तसेच हे. आणि हे काम पुरुषांचेच, असेही कोणी समजू नये. पुण्याच्या वेदांगी कुलकर्णी हिने विसाव्या वर्षी, २०१८ साली, सुमारे २९,००० किलोमीटर सायकल मारून पृथ्वीप्रदक्षिणा केली.

आपल्या पोरांनी लगेच अमेरिकेला जावे असे मी म्हणत नाही. अंथरूण पाहून पाय पसरावे. नवख्याने प्रथम 'ब्रेव्हे' नावाच्या सफरींचा विचार करावा. मुंबई, पुणे, नाशिक इकडे त्या होतात. त्यांत पहिला-दुसरा नंबर नसतो. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० किलोमीटर २० तासांत, ६०० किलोमीटर ४० तासांत, अशा मुदती असतात. मुदतीत जो पोहोचला तो उत्तीर्ण. शेजाऱ्याला हरवायचे नाही, आपल्या आळसाला हरवायचे. मला हा प्रकार फार आवडतो. त्यात जो टिकेल त्याने मग पुण्याहून गोव्याला जाणाऱ्या 'डेक्कन क्लिफहँगर'सारख्या सुमारे ६४० किलोमीटरच्या शर्यतीचे स्वप्न पाहावे.

मात्र ही शर्यत नोव्हेंबरात भरत आली आहे, आणि तेव्हा आपल्याकडे कापणी-झोडणी चालू असते. म्हणून घरात बोलणे जूनपूर्वी व्हावे. कोणत्या दिवशी जायचे, त्याच्या वाटची झोडणी कोण करणार, त्याबदल्यात तो आधी कोणते काम उरकणार, हे ठरले पाहिजे. खर्चाचाही हिशेब त्याच बैठकीत मांडावा. प्रवेशफी, गाडीभाडे, दोन रात्रींचा मुक्काम, जास्तीच्या ट्यूबा, पुढचा-मागचा दिवा, चमकणारे जाकीट, हेल्मेट. हेल्मेट आणि दिव्यात काटकसर नको. पण महागड्या सायकलीसाठी कर्ज काढणे किंवा बैल विकणे याला माझा ठाम विरोध आहे. बैठक योग्य उंचीवर असलेली, ब्रेक पक्के असलेली साधी सायकल पहिल्या वर्षाला पुरते. बैठकीवर बसून टाच खालच्या पायडलवर ठेवावी. पाय सरळ झाला तर उंची ठीक. बैठक खाली असली की गुडघे दुखतात, आणि मग दोष सायकलला मिळतो.

प्रवासाचेही दोन शब्द. शर्यतीच्या आदल्या रात्री धावतपळत पोहोचू नये, एक दिवस आधी जावे. रोजची झोप चुकवू नये. नवे बूट, नवे खाणे, नवे औषध शर्यतीच्या दिवशी वापरू नये. ज्या पोटाला नागलीची भाकरी आणि पेज माहीत आहे, त्याला तेच द्यावे. ताडी आणि दारू तर त्या आठवड्यात शिवूही नये. परतताना रात्रभर जागलेल्या पोराला मोटारसायकल चालवू देऊ नका. शर्यतीत वाचलेला जीव घराच्या वाटेवर जायचा.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. ती मी मुद्दाम सावकाश सांगतो. आपल्या वारली, कोकणा, धोडिया समाजांत सिकलसेलचा विकार आढळतो. या विकारात रक्तातील तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. अंगातले पाणी कमी झाले, फार दम लागला, उंच जागी हवा विरळ झाली, की हे वाकणे वाढते. लांब पल्ल्याच्या शर्यतीत नेमके हेच घडते. म्हणून सराव वाढवण्याआधी प्रत्येक तरुणाने रक्त तपासून घ्यावे. सिल्वासाच्या सरकारी रुग्णालयात जाऊन विचारा. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलनाचे अभियान सुरू केले, ते अशाच तपासणीसाठी.

ज्याला प्रत्यक्ष रोग आहे, त्याने डॉक्टरांच्या स्पष्ट परवानगीशिवाय शर्यतीचे नाव काढू नये. जो नुसता वाहक आहे त्याला सायकल वर्ज्य नाही. पण त्याने सराव हळूहळू वाढवावा, वरचेवर पाणी प्यावे, ताप असताना सायकल मारू नये. मांड्यांतले बळ अचानक गेले, छातीत दुखले, श्वास अपुरा पडू लागला तर "थोडेच राहिले" म्हणून रेटू नये. तिथेच थांबावे, सावलीत बसावे आणि दवाखाना गाठावा. हे लपवण्यात मर्दुमकी नाही. लाज वाटून चाचणी टाळणारा बाप पोराला डोळे बांधून घाटात सोडतो.

घाम सर्वांनाच येतो. नुसते पाणी घटाघटा पिऊन भागत नाही, मीठही लागते. एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. हे पाणी घोट घोट प्यावे. मीठ घातलेली तांदळाची पेज किंवा नागलीची आंबीलही चांगली.

काही पालक विचारतील, फादर, रविवारच्या मिस्साचे काय? प्रश्न रास्त आहे. शनिवारी संध्याकाळच्या मिस्साने रविवारचे कर्तव्य पुरे होते. परगावी असाल तर तिथले चर्च आधी शोधून ठेवा. ख्रिस्तसभेला शर्यतीचे वावडे नाही. संत पौलाने करिंथकरांना संयम शिकवताना धावणाऱ्याचाच दाखला दिला. इटलीत गिसाल्लो येथील पवित्र मरियेला पोप बारावे पायस यांनी १९४९ साली सायकलस्वारांची आश्रयदाती म्हणून घोषित केले. आणि जीनो बार्ताली हा इटालियन सायकलपटू आठवा. १९३८ व १९४८ साली त्याने फ्रान्सची मोठी शर्यत जिंकली. हा भाविक कॅथलिक दुसऱ्या महायुद्धात सरावाच्या निमित्ताने सायकलच्या नळीत कागदपत्रे लपवून नेत असे, छळ होत असलेल्या यहुद्यांचे प्राण वाचावेत म्हणून. त्याने याचा गाजावाजा कधी केला नाही. ज्या पायांना रोज पहाटे उठायची सवय होती, तेच पाय वेळ आल्यावर शेजाऱ्याच्या कामी आले.

म्हणून पालकांनो, पोराने आणलेल्या पदकावरून त्याची परीक्षा करू नका. तो वर्षभर वेळेवर उठतो का, घरच्या कामाचा वाटा उचलतो का, दारूपासून दूर आहे का, म्हाताऱ्या शेजाऱ्याचे औषध खानवेलहून आणून देतो का, हे पाहा. उत्तर होकारार्थी असेल तर त्याला अडवू नका. आणि पोरांनो, तुम्हीही ध्यानात ठेवा. तुम्ही घाट चढत असता तेव्हा घरी कोणीतरी तुमच्या वाटचे भात झोडत असते. परतल्यावर सायकल भिंतीला टेकवा आणि आधी खळ्यावर जा.