अजून डेटा हवा म्हणे!

"अजून डेटा हवा" हे वाक्य आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात नेहमीचं. समोरच्याला काम करायचं नसलं की तो हमखास हेच म्हणतो. अंटार्क्टिकाभोवतीच्या समुद्राचंही सध्या हेच चालू आहे.

फेब्रुवारी २०२१ मध्ये 'पोलारश्टेर्न' हे जर्मन जहाज वेडेल समुद्रात तळालगत कॅमेरा ओढत नेत होतं. खोली साधारण ५०० मीटर. पडद्यावर घरटी दिसायला लागली. माशांची! पाऊण मीटर रुंदीचे गोल खड्डे आणि बहुतेकांत अंड्यांवर पहारा देणारा एकेक आइसफिश. (या माशाच्या रक्तात हिमोग्लोबिनच नसतं, रक्त चक्क पाण्यासारखं.) जहाज पुढे जातंय आणि घरटी काही संपत नाहीत. फोटोंत १६ हजारांवर मोजली, त्यावरून अंदाज निघाला २४० चौरस किलोमीटरमध्ये ६ कोटींचा. वेडेल सील नेमके तिथेच बुड्या मारतात. म्हणजे त्यांना पत्ता ठाऊक असावा, आपल्याच अन्नजाळ्याच्या आकृतीत तो नव्हता.

हा समुद्र राखीव करा, असा प्रस्ताव युरोपियन युनियनने २०१६ पासून लावून धरलाय. पण निर्णय एकमतानेच होतो आणि रशिया-चीन अडून बसलेत. कारण? शास्त्रीय माहिती अपुरी!

बरं, मग क्रिल पकडायला माहिती पुरेशी कशी झाली? अंटार्क्टिकाच्या अटलांटिक बाजूला क्रिलची मोठी मोजणी २००० मध्ये झाली, त्यानंतर थेट २०१९ मध्ये. दोन्ही वेळा आकडा ६ कोटी टनांच्या आसपास. पकडायची मर्यादा ६ लाख २० हजार टन, म्हणजे जेमतेम १ टक्का, असं सांगतात. अहो, सगळ्या सर्व्हरांचा सरासरी लोड १ टक्का असला तरी एखादं मशीन जळतंच की! पेंग्विन पिल्लांसाठी आपल्या वसाहतीजवळचंच क्रिल खातो, सरासरी खात नाही. ही पकड चार भागांत वाटून देणारा नियम होता, तोही २०२४ मध्ये एकमताअभावी संपला. परिणाम, २०२५ मध्ये मर्यादा गाठली गेली आणि मासेमारी हंगाम संपण्याआधीच, ऑगस्टमध्ये, बंद करावी लागली.

राखायचं तर संपूर्ण अन्नजाळं सिद्ध करा, ओरबाडायचं तर वीस वर्षांत एक मोजणी पुरे. हा कुठला न्याय?

भारतही या आयोगाचा सदस्य आहे आणि २०२१ मध्ये आपण युरोपच्या प्रस्तावाला पाठिंबा दिलाय. छान. पण दर ऑक्टोबरात होबार्टला बैठक होते, तिथे आपली मंडळी काय बोलली याची एक ओळ तरी आपल्या पेपरांत येऊ द्या राव.