पत्ता कोणाला ठाऊक?



गेल्या महिन्यात आमच्या सल्लाकेंद्रात एक मुलगी आली. वय २६, नोकरी करणारी, आणखी दोघींबरोबर भाड्याच्या खोलीत राहणारी. मोबाइलवरच्या एका डेटिंग अ‍ॅपवर ओळख झालेल्या मुलाला ती दोनदा भेटली होती. दुसऱ्या भेटीनंतर तिला वाटले, हे काही जमणार नाही. तिने तसे सरळ सांगितले. तेव्हापासून तो तिच्या ऑफिसच्या दाराशी उभा राहू लागला. ऑफिसचा पत्ता तिने दिलाच नव्हता. पण अ‍ॅपवरच्या एका फोटोत गळ्यात ओळखपत्राची फीत होती आणि तिच्यावर कंपनीचे नाव. ‘उशीर झालाय, सोडतो’ म्हणाला म्हणून एकदा ती त्याच्या गाडीवर बसली, तेव्हा राहण्याची गल्लीही त्याला कळली.

हे सगळे सांगून झाल्यावर तिने विचारले, “ताई, पोलिसात गेले तर घरी कळेल का?” त्या मुलाची भीती होतीच, पण घरच्यांची त्याहून जास्त. आणि तो ते पुरते ओळखून होता. ‘तुझ्या वडिलांना फोन करू का?’ एवढे एक वाक्य त्याला पुरत होते.

बैठकीत हा विषय निघाला तेव्हा आमच्यातल्या एक ज्येष्ठ कार्यकर्त्या चटकन म्हणाल्या, “पण असल्या ठिकाणी नाव घालायचेच कशाला?” मीही क्षणभर मनात तेच म्हटले होते, हे कबूल करते. मग वाद झाला, आणि वादात बायोडाटाची गोष्ट निघाली. ज्या घरात मुलीने परक्या मुलाला नंबर देणे हा आगाऊपणा ठरतो, त्याच घरातून तिचे नाव, जन्मवेळ, उंची, पगार, नोकरीचे ठिकाण, घरचा पत्ता, मामांचे गाव असा सगळा तपशील फोटोसकट व्हॉट्सअ‍ॅपच्या वधूवर गटांत जातो. तो शेकडो अनोळखी लोक बघतात. लग्न ठरले तरी तो कागद फिरतच राहतो. पूर्वी वर्तमानपत्रातल्या ‘वर पाहिजे’ जाहिरातींना बॉक्स नंबर असे. उत्तरे वर्तमानपत्राच्या कचेरीत येत आणि घरचा पत्ता आपण निवडलेल्या स्थळालाच कळे. त्या जाहिरातींतल्या ‘गोरी, गृहकृत्यदक्ष’वर आपण पुष्कळ टीका केली, ती योग्यच होती. बॉक्स नंबरची सोय मात्र शहाणपणाची होती.

आज तो आडोसा आपला आपणच उभा करावा लागतो. फोन नंबर म्हणजे नुसते दहा आकडे नव्हेत. पैसे पाठवण्याच्या अ‍ॅपमध्ये तो घातला की बँकेत नोंदलेले नाव दिसते. नावावरून फेसबुक, तिथून भाऊ, कॉलेज, गाव. म्हणून सुरुवातीचे बोलणे त्या अ‍ॅपमध्येच ठेवावे. नंबर मागणाऱ्याला ‘इतक्यात नाही’ म्हटल्यावर तो कसा वागतो, यावरून त्याची बरीच पारख होते. फोटो निवडताना मागची सोसायटीची पाटी, गाडीचा नंबर, ओळखपत्र बघावे. भेट वर्दळीच्या ठिकाणी, आणि येणे-जाणे आपल्या वाहनाने, रिक्षाने किंवा बसने. परदेशातला डॉक्टर, विमानतळावर अडकलेली भेटवस्तू आणि ती सोडवण्यासाठी पैसे, ही फसवणूक एकट्या आणि घटस्फोटित बायकांच्या बाबतीत फार होते. पैसे गेलेच तर लगेच १९३० या क्रमांकावर फोन करावा.

पण मला खरे म्हणायचे आहे ते वेगळेच. त्या मुलाला तिचे ऑफिस, गल्ली, वडिलांचा नंबर सगळे ठाऊक होते, आणि ती कुठे, कोणाला भेटायला गेली आहे हे तिच्या माणसांपैकी एकालाही ठाऊक नव्हते. हे नेमके उलटे हवे होते. खोलीतल्या मैत्रिणींनाही तिने सांगितले नाही, कारण त्या काय म्हणतील! २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिला. आपल्या घरांत मुलीने तो मागितला की तिचा फोन काढून घेतला जातो. मग ती लपवू लागते, आणि धमकी देणाऱ्याचे सगळे भांडवल तेच असते.

कायदा आहे. पाठलाग हा २०१३ च्या दुरुस्तीने गुन्हा ठरला आणि १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये आहे. नको म्हटल्यावरही पुन्हापुन्हा संपर्क साधणे, तिच्या इंटरनेटच्या वापरावर पाळत ठेवणे, हेही त्यात येते. सज्ञान बाईच्या तक्रारीला घरच्या कोणाची संमती लागत नाही. शिक्षा तीन वर्षांपर्यंत आहे, पण पहिला गुन्हा जामीनपात्र आहे. म्हणजे तो संध्याकाळी पुन्हा दाराशी असू शकतो. तेव्हा तक्रार देण्याआधीच त्या रात्री कुठे राहायचे हे ठरवावे. आणि संदेश पुसू नयेत. लाजेपोटी मुली पहिल्यांदा तेच करतात, आणि पुरावा जातो.

तिने शेवटी मावशीला सांगितले. मावशी दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यात सोबत आली, आणि हवालदाराने ‘अशा अ‍ॅपवर गेलीच कशाला’ म्हटल्यावर त्याला म्हणाली, “ते तुम्ही नका विचारू, तुम्ही लिहून घ्या.” तक्रार लिहून घेतली गेली. वडिलांना अजून सांगितलेले नाही. कधी सांगायचे ते तिचे ती ठरवील.

आमच्या केंद्राने आता एक फोन त्यासाठीच ठेवला आहे. भेटीला जाताना कुठे, कोणाला, किती वाजता हे मुलींनी त्यावर कळवावे. परतल्याचा निरोप ठरल्या वेळी आला नाही तर आम्ही फोन करतो. कशाला गेलीस, हे विचारत नाही. तुमच्या गटात असे काही करता येईल का, की याहून बरे काही तुम्ही करीत आहात? कळवा. पत्र नावाशिवाय आले तरी छापू.