आधी पाणी, मग मासा

उन्हाळ्याची सुट्टी लागली की खामगाव, मलकापूर, चिखली, बुलढाणा अशा गावांतल्या मत्स्यालयाच्या दुकानांत गर्दी वाढते. लेकरांचा हट्ट असतो आणि आई-बाबांना मोबाइलपासून सुटका हवी असते. काचेची टाकी, रंगीत खडे, प्लॅस्टिकची झाडे, बुडबुडे सोडणारा पंप आणि पाण्याने फुगलेल्या पिशवीत दोन गोल्डफिश असा सगळा संसार एकाच संध्याकाळी घरी येतो. पहिले दोन-तीन दिवस मजेत जातात. मग पाणी किंचित दुधाळ दिसू लागते, मासे वर येऊन तोंड उघडझाप करू लागतात आणि आठ-पंधरा दिवसांत एक सकाळ अशी येते की मासा पाण्यावर उलटा तरंगत असतो.

त्यानंतर घरात जी कारणे सांगितली जातात, ती ठरलेली आहेत. ‘या घरचं पाणी माशाला धार्जिणं नाही.’ ‘दुकानदारानं आजारीच मासा दिला.’ सगळ्यात लोकप्रिय कारण म्हणजे ‘घरावर काही संकट येणार होतं, ते माशानं स्वतःवर घेतलं.’ मुलाचे डोळे पुसायला हे शेवटचे उत्तर सोयीचे असले, तरी ते खोटे आहे. माशाने कोणाचेही संकट घेतलेले नसते. बहुतेक वेळा तो स्वतःच्याच मलमूत्रातून तयार झालेल्या अमोनियाने मेलेला असतो आणि ते टाळणे घरच्यांच्या हातात असते. म्हणूनच टाकी आणि मासा एकाच दिवशी विकण्याची आणि विकत घेण्याची पद्धत बंद व्हायला हवी. टाकी आज घ्यावी, मासा महिना-दीड महिन्याने.

हा महिना कशासाठी? मासा श्वास घेतो तसा कल्ल्यांमधून सतत अमोनिया बाहेर टाकतो. त्याची विष्ठा आणि न खाल्लेले खाद्य कुजूनही अमोनियाच तयार होतो. नदीत किंवा तलावात तो पाण्याच्या प्रचंड साठ्यात विरतो आणि तिथले जिवाणू तो संपवतात. नव्या टाकीत मात्र हे जिवाणू जवळजवळ नसतात. साचत गेलेला अमोनिया माशाचे कल्ले अक्षरशः भाजून काढतो. पाणी काचेसारखे नितळ असले तरी हे घडते, कारण अमोनिया डोळ्यांना दिसत नाही.

या विषाचा निचरा दोन टप्प्यांत होतो. जिवाणूंचा एक गट अमोनियाचे नायट्राइट करतो. नायट्राइटही विषारीच. ते माशाच्या रक्तातील हिमोग्लोबिन निकामी करते, रक्त तपकिरी पडते आणि पाण्यात प्राणवायू असूनही मासा गुदमरतो. दुसरा गट या नायट्राइटचे नायट्रेट करतो. नायट्रेट माशाला त्या मानाने बरेच कमी घातक असते आणि पाणी अधूनमधून बदलून ते कमी ठेवता येते. असे जिवाणू अस्तित्वात आहेत हे १८९०च्या सुमारास सर्गेई विनोग्राडस्की या शास्त्रज्ञाने झ्युरिचमध्ये काम करताना दाखवून दिले. म्हणजे हे ज्ञान सव्वाशे वर्षांहून जुने आहे. ते दुकानाच्या काउंटरपर्यंत पोहोचलेले नाही, एवढेच.

खरे तर बुलढाणा जिल्ह्यातील शेतकऱ्याला यात नवे काही वाटू नये. कच्चे शेण थेट झाडाच्या बुडाशी टाकले तर रोप करपते, म्हणून ते खड्ड्यात कुजवून, मुरवून मगच शेतात जाते. सोयाबीन पेरण्याआधी बियाण्याला रायझोबियमचे जिवाणू संवर्धक चोळले जाते. टाकलेल्या युरियाचे अमोनिया आणि पुढे नायट्रेट करण्याचे काम काळ्या मातीतले जिवाणूच करतात. जे शेतात मान्य आहे, तेच काचेच्या टाकीत मान्य करायचे आहे. आणि पाणी सजीव असते याचा याहून मोठा दाखला तर याच जिल्ह्यात आहे. जून २०२० मध्ये लोणार सरोवराचे पाणी गुलाबी झाले, तेव्हा तर्कवितर्कांना ऊत आला होता. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत तो रंग खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांचा असल्याचे दिसून आले. ज्या पाण्यात सूक्ष्मजीव जसे, तसे त्या पाण्याचे गुण. घरातली टाकी याला अपवाद नाही.

या जिल्ह्यात ही काळजी अधिकच हवी, कारण अमोनिया किती विषारी ठरेल हे पाण्याच्या सामूवर आणि तापमानावर अवलंबून असते. पाण्यातला अमोनिया दोन रूपांत असतो. एक बऱ्यापैकी निरुपद्रवी, दुसरे जहाल. २५ अंश तापमानाला सामू ७ असेल तर जहाल रूपाचा वाटा सुमारे अर्धा टक्काच असतो. सामू ८ झाला की तो पाच टक्क्यांच्या वर जातो, म्हणजे जवळजवळ दहापट. पाणी ३० अंशांवर गेले आणि सामू साडेआठ असला, तर हा वाटा वीस टक्क्यांच्या आसपास पोहोचतो. विहिरी-बोअरचे जड, अल्कधर्मी पाणी आणि विदर्भातला एप्रिल-मे यांची गाठ पडली की तोच अमोनिया कित्येक पटींनी घातक होतो. त्यात गरम पाण्यात प्राणवायूही कमी विरघळतो. २० अंशांना लिटरमागे सुमारे नऊ मिलिग्रॅम असतो, तो ३० अंशांना साडेसात मिलिग्रॅमवर येतो. गोल्डफिश मूळचा थंड पाण्याचा मासा. सुट्टी लागली म्हणून मे महिन्यात त्याला घरी आणणे म्हणजे वर्षातला सर्वांत वाईट मुहूर्त निवडणे होय. टाकी मृगाच्या पावसानंतर मांडावी आणि मासा श्रावणात आणावा, हे अधिक शहाणपणाचे.

टाकी तयार करण्याची रीत अवघड नाही, फक्त धीर लागतो. टाकीत पाणी भरून गाळणयंत्र आणि हवेचा पंप सुरू करावा. नळाच्या पाण्यात क्लोरीन किंवा ब्लीचिंग पावडर असते आणि ती जिवाणूंनाही मारते. म्हणून दुकानात मिळणारे क्लोरीननाशक थेंब घालावेत किंवा पाणी उघड्या भांड्यात दिवसभर हवेचा पंप लावून ठेवावे. मग जिवाणूंना अन्न म्हणून रोज चिमूटभर माशांचे खाद्य रिकाम्या टाकीत टाकावे. ते कुजून अमोनिया तयार होतो. साबण किंवा सुगंध नसलेला शुद्ध द्रव अमोनिया मिळाला, तर लिटरमागे दोन मिलिग्रॅम एवढेच प्रमाण ठेवावे आणि तो मुलांच्या हाती देऊ नये. घरात पोते आहे म्हणून युरिया टाकण्याचा मोह टाळावा. त्याचा अमोनिया व्हायला वेळ लागतो आणि मोजमाप चुकते.

पुढचे काम तपासणी संचाचे. आधी अमोनिया चढतो. मग तो उतरू लागतो आणि नायट्राइट वर जाते. शेवटी नायट्राइटही उतरते आणि नायट्रेट दिसू लागते. आज घातलेला अमोनिया चोवीस तासांत संपून अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले, की टाकी तयार झाली असे समजावे. याला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. घाटावरच्या थंडीत थोडे अधिकही लागतील. एखाद्या ओळखीच्या घरी जुनी, निरोगी टाकी असेल, तर तिच्या गाळणयंत्रातल्या स्पंजचा तुकडा आणून नव्या टाकीत ठेवावा. विरजण लावल्यावर दही लवकर लागते, तसा हा उपाय आहे. बाटलीत मिळणारे तयार जिवाणूही असतात, पण विरजण जिवंत असेल तरच उपयोग. उन्हात तापलेल्या, जुन्या बाटलीवर विसंबून त्याच दिवशी मासा सोडू नये. तयार टाकीतले निम्म्याहून अधिक पाणी बदलून मग एकच मासा आणावा. दुसरा काही आठवड्यांनी.

यावर आक्षेप येतात, आणि ते अगदीच चुकीचे नाहीत. ‘आम्ही वर्षानुवर्षे पहिल्याच दिवशी मासे सोडतो, काही जगतातच की!’ असे जुने शौकीन सांगतात. जगतात हे खरे. पण त्यासाठी महिनाभर जवळपास रोज पाणी बदलावे लागते. शंभर लिटरच्या टाकीतले रोज चौथा हिस्सा पाणी बदलायचे, तर महिन्याला ७५० लिटर लागेल. माशाशिवाय टाकी तयार करायला एकदा भरण्याचे शंभर आणि शेवटी बदलण्याचे साठ-सत्तर लिटर पुरतात. जिथे नळ कित्येक दिवसांनी येतो आणि उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, तिथे हा हिशेब साधा नाही. दया बाजूला ठेवली, तरी पाण्याच्या बचतीचा रस्ता तोच आहे. टाकीतून काढलेले पाणीही वाया घालवू नये. त्यातले नायट्रेट तुळशीला आणि परसातल्या भाजीला खत म्हणून चालते.

दुसरा आक्षेप दुकानदाराचा. ‘गिऱ्हाईक महिनाभर थांबत नाही, शेजारच्या दुकानात जातं.’ पण मासा मेला की तेच गिऱ्हाईक एक-दोनदा नवा मासा नेते आणि मग टाकी माळ्यावर टाकते. ज्याचा मासा जगतो, तो खाद्य, औषधे, मोठे गाळणयंत्र यांसाठी वर्षानुवर्षे येत राहतो. टाकीसोबत एक छापील कागद आणि ‘मासे पुढच्या महिन्यात’ असे दोन शब्द एवढाच हा बदल आहे. ‘वीस-तीस रुपयांच्या माशासाठी एवढा खटाटोप?’ हा तिसरा आक्षेप. मासा स्वस्त आहे म्हणून त्याचे कल्ले कमी भाजत नाहीत. गोल्डफिश नीट सांभाळला तर दहा-पंधरा वर्षे सहज जगतो. इंग्लंडमधल्या एका गोल्डफिशने तर ४३ वर्षे पूर्ण केल्याची नोंद आहे. आठ दिवसांत मरणारा प्राणी अशी त्याची जी ओळख झाली आहे, ती माणसांनी केली आहे.

त्याच कारणाने काचेच्या गोल भांड्यात गोल्डफिश ठेवणे थांबायला हवे. तो कार्पच्या कुळातला, म्हणजे रोहू-कटल्याचा नातलग. वीतभर वाढतो आणि घाणही भरपूर करतो. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच अशा बाजारातल्या नेहमीच्या टाकीत जेमतेम ५६ लिटर पाणी मावते. ते एका गोल्डफिशलाही कमीच पडते. तीन फुटी टाकी शक्य नसेल, तर लहान जातीचे एखाद-दोन मासे पाळावेत. चांगल्या हेतूने जारचे आरओचे पाणी टाकीत ओतणारेही बरेच आहेत. जिवाणूंचे काम चालू असताना पाण्यातली अल्कता खर्च होत असते आणि आरओच्या पाण्यात ती जवळजवळ नसतेच. त्यामुळे सामू घसरतो आणि जिवाणूंचे काम थांबते. पाणी फार खारे नसेल तर बोअरचे जड पाणीच बरे. स्पंज नळाखाली धुऊ नये, टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळून घ्यावा. वीज गेली की जिवाणूही गुदमरतात, म्हणून बॅटरीवरचा हवेचा पंप घरी असावा. आणि कंटाळा आला म्हणून मासा विहिरीत किंवा धरणात सोडू नये. आरोग्य खात्याचे गप्पी मासे वेगळे आणि हा परका पाहुणा वेगळा.

या सगळ्यात एक गोष्ट टाकीपुरती राहत नाही. टाकी भरण्याआधी घरच्या पाण्यातले नायट्रेट तपासावे लागते, नाहीतर शेवटी दिसलेले नायट्रेट जिवाणूंनी केले की ते पाण्यात आधीच होते हे कळत नाही. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या भूजल गुणवत्ता अहवालात नायट्रेटची समस्या तीव्र असलेल्या देशातल्या १५ जिल्ह्यांची नावे आहेत. त्यांत महाराष्ट्रातले सात जिल्हे आहेत आणि बुलढाणा त्यांपैकी एक आहे. पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरमागे ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे, असे भारतीय मानक सांगते. माशाच्या टाकीत जे रसायन बदलाच्या शेवटी दिसते, तेच इथे खते, शेणाचे ढीग आणि शौचालयांचे शोषखड्डे यांतून मुरून विहिरीत उतरते. नायट्राइटमुळे माशाचे रक्त तपकिरी पडते, तसाच त्रास जास्त नायट्रेटच्या पाण्यात कालवलेल्या दुधावर वाढणाऱ्या तान्ह्या बाळाला होतो. बाळ निळे पडते. पाणी उकळून नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटल्याने त्याचे प्रमाण वाढते. खारपाणपट्ट्यातल्या शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोदच्या लोकांना पाण्याच्या खारेपणाची जीभेवर कल्पना येते. नायट्रेटला मात्र चव नाही, रंग नाही, वास नाही. माशासाठी आणलेल्या संचाने घरच्या बोअरचे पाणी संशयास्पद दाखवले, तर ते प्रयोगशाळेत तपासून घ्यावे आणि तोवर बाळाचे दूध त्यात करू नये.

म्हणूनच हा महिना वाया गेलेला नसतो. शाळांनी विज्ञानाच्या वर्गात एक रिकामी टाकी मांडावी. मुलांनी रोज रंगांची पट्टी पाहून वहीत आकडे लिहावेत, अमोनिया चढताना आणि उतरताना पाहावा. जीवशास्त्र, रसायनशास्त्र आणि गावचे पाणी हे तिन्ही धडे एका टाकीत आहेत. ज्या मुलाने सहा आठवडे आकडे लिहून मग मासा सोडला, त्याला संकट घेणाऱ्या माशाची गोष्ट सांगण्याची वेळ येणार नाही. आणि पुढे कधी मासा मेलाच, तर ते मूल आधी पाणी तपासेल.