सूत्रधाराचे पहिले कर्तव्य

दिवाळीची सुटी लागली की आमच्या बेळगाव-निपाणीकडे घरोघरी अंगणात मातीचा किल्ला उभा राहतो. दगड-विटा रचल्या जातात, चिखल लिंपला जातो, त्यावर अळीव पेरले जाते आणि बाजारातून आणलेले मातीचे मावळे बुरुजाबुरुजांवर पहाऱ्याला उभे राहतात. परंतु त्या किल्ल्यावर लढाई मात्र कधी होत नाही. मावळे आपल्या जागी उभे असतात, आणि सण सरला की पुन्हा पेटीत जातात. या वर्षी आमच्या घरी ती लढाई झाली, आणि खेदाने सांगावे लागते की ती मी बिघडविली. त्या अनुभवाने मला जो धडा दिला तो आपल्या शालेय बंधुभगिनींपुढे ठेवावा, एवढ्याचसाठी हा लेखनप्रपंच.

माझा आतेभाऊ पुण्यास शिकतो. येताना त्याने एक नवाच बैठा खेळ आणला. या खेळास पट लागतोच असे नाही. चार-पाच गडी एकेक पात्र घेतात. कोणी हेर, कोणी वैद्य, कोणी तलवारबहाद्दर. एक गडी मात्र कोणतेच पात्र घेत नाही. तो प्रसंग सांगतो, शत्रूची बाजू चालवितो आणि कोणाच्या कृतीचे काय फळ मिळाले, ते फाशाच्या आणि नियमांच्या आधारे ठरवितो. इंग्रजीत त्यास ‘गेम मास्टर’ म्हणतात. मला आपला ‘सूत्रधार’ हा शब्द अधिक सार्थ वाटतो. दोन दिवस आतेभावाने खेळ चालविला आणि तो पुण्यास परत गेला. जाताना वीस पैलूंचा फासा माझ्या हाती देऊन म्हणाला, “आता तूच सूत्रधार.”

मला फार आनंद झाला. मी येळ्ळूरच्या राजहंसगडावरचा एक काल्पनिक प्रसंग रचला. पाच जणांनी रात्रीच्या वेळी गडावरून एक महत्त्वाचा खलिता खाली आणावयाचा. दरवाज्यावर आठ पहारेकरी. पहारेकरी जागे झाले आणि एकच गिल्ला उडाला. “मी वार केला!” “मी आधी केला!” “मी तटावर चढलो!” ज्याचा आवाज मोठा त्याचे मी ऐकू लागलो. आठ पहारेकऱ्यांसाठी मी आठ वेळा फासा टाकी, कोणाला किती जखमा झाल्या ते विसरे, आणि शंका आली की सर्वांना ताटकळत ठेवून नियमांची पाने चाळी. सध्या प्रचलित असलेल्या नियमांप्रमाणे लढाईची एक फेरी म्हणजे गोष्टीतील सहा सेकंद. त्या सहा सेकंदांस आम्हांला अर्धा तास लागला! शेवटी सर्वच कंटाळले आणि मी “जिंकलात” असे सांगून खेळ आटोपता घेतला.

रात्री जेवताना माझा चौथीतला चुलतभाऊ हळूच म्हणाला, “दादा, माझा मावळा दारातच उभा राहिला. त्यानं काहीच केलं नाही.” तो रुसला नव्हता, तक्रारही करीत नव्हता, जे घडले ते सांगत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तो, त्याने आपला मावळा नेऊन पुन्हा अंगणातल्या किल्ल्यावर ठेवला होता.

तेव्हापासून माझे मत असे झाले आहे की, खेळातील लढाई शिस्तीत चालविणे ही केवळ सोयीची बाब नाही. ती न्यायाची बाब आहे. गोंधळात धीट आणि मोठ्या आवाजाच्या मुलाचे काहीच अडत नाही. त्याला नियम नसले तरी चालते. नियमांची आणि क्रमाची गरज असते ती जो बुजरा आहे, लहान आहे, ज्याला बोलावयास थोडा वेळ लागतो, त्याला. म्हणून प्रत्येकाची पाळी प्रत्येकाला मिळवून देणे हे सूत्रधाराचे पहिले कर्तव्य होय. प्रसंग रसाळ सांगणे, आवाज बदलून बोलणे, ही सारी त्यानंतरची कामे.

हा खेळ आज आपल्याला नवा वाटला, तरी त्यातील मध्यस्थाची कल्पना जुनी आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोन अमेरिकन खेळाडूंनी 1974 साली ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या नावाने हा खेळ प्रसिद्ध केला. त्याच्या दीडशे वर्षे आधी, 1824 साली, प्रशियाच्या सैन्यातील राइसवित्झ नावाच्या तरुण अधिकाऱ्याने नकाशावर खेळावयाचा एक युद्धखेळ सिद्ध केला होता. त्यात दोन्ही पक्ष आपले हुकूम मध्यस्थाकडे देत. प्रत्यक्ष रणांगणावर जे सैन्य दिसले असते तेवढेच तो नकाशावर मांडी, आणि फासे व कोष्टके यांच्या साहाय्याने निकाल सांगे. एक फेरी म्हणजे युद्धातील दोन मिनिटे, असा हिशेब असे. पुढे कोष्टकांचे ओझे फार झाले, तेव्हा 1876 साली व्हेर्दी द्यु व्हेर्न्वा या सेनानीने पुष्कळसा निर्णय अनुभवी मध्यस्थाच्या विवेकावर सोपविण्याचा पुरस्कार केला. नियम किती आणि विवेक किती, हा नव्या सूत्रधाराला पडणारा प्रश्न त्या सेनाधिकाऱ्यांनाही पडला होता, हे वाचून मला थोडा धीर आला.

पण इतके दूर जाण्याचे तरी कारण काय? सांगली आमच्यापासून जवळच आहे. तेथे 1843 साली विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ हे नाटक केले. त्यापूर्वी कर्नाटकातील भागवत मंडळींचे खेळ सांगलीस झाले होते, आणि ते पाहून संस्थानाधिपती चिंतामणराव पटवर्धन यांनी भाव्यांना तसे खेळ मराठीत करावयास सांगितले. भाव्यांच्या नाटकांत पात्रांची भाषणे लिहून दिलेली नसत. सूत्रधार पद म्हणून प्रसंग सांगे आणि पात्रे समयोचित भाषण करीत. राक्षस तर ‘अलल डुर्र’ अशी आरोळी ठोकीतच रंगभूमीवर येत. देव-दानवांच्या त्या धामधुमीत नाटकाचा धागा तुटू न देणारा माणूस म्हणजे सूत्रधार. कानडी मुलखातून येऊन मराठी रंगभूमीवर स्थिरावलेली ही रीत आम्हां सीमाभागातील मुलांना परकी वाटण्याचे काहीच कारण नाही.

एवढा विचार केल्यावर मी चार दिवसांनी पुन्हा तोच प्रसंग मांडला. चुलतभावाची मनधरणी करून त्याचा मावळा किल्ल्यावरून परत आणला. या खेपेस मी जे केले ते येथे देतो. नव्याने सूत्रधार होणाऱ्या कोणालाही ते उपयोगी पडावे.

पहिली गोष्ट पाटीची. लढाईला तोंड लागताच प्रत्येकाने एकदाच फासा टाकावयाचा. ज्याचा आकडा मोठा तो प्रथम, त्याहून लहान तो त्यानंतर. हा क्रम मी घरातल्या जुन्या पाटीवर लिहून सर्वांना दिसेल अशी ती मध्ये ठेवली. सगळ्या पहारेकऱ्यांसाठी मिळून एकच फासा टाकला आणि त्यांचे नावही त्याच यादीत घातले. एकदा ठरलेला क्रम लढाई संपेपर्यंत बदलावयाचा नाही. पाटी माझ्या हाती न ठेवता शेजारच्या मित्राकडे दिली. तो घरी कानडी बोलणारा. दर वेळी तो “आता अमका, त्याच्यामागून तमका” असे पुकारू लागला. आपला नंबर पुढचा आहे हे आधीच कळल्यामुळे प्रत्येकजण मनात तयारी करून बसे. विचारात कोणी फारच वेळ घालविला की तो “ओंद, एरड, मूर” असे दहापर्यंत मोजी. तेवढ्यात ठरले नाही तर ‘सावध उभा राहिला’ असे धरावयाचे.

दुसरी गोष्ट जागेची. कोण कोठे उभा आहे यावरून पहिल्या दिवशी निम्मी भांडणे झाली होती. आमच्या सोप्यात शहाबादी फरशी आहे. तिचे चौकोन हाच आमचा नकाशा झाला. खडूने तट आणि दरवाजा आखला, मावळे मांडले, आणि एका पाळीत किती फरश्या चालावयाचे ते आधीच ठरविले. “मी तर बुरुजावर होतो,” असे म्हणावयास मग कोणाला जागाच उरली नाही.

तिसरी गोष्ट मोजदादीची. प्रत्येक मावळ्यापुढे त्याच्या प्राणशक्तीइतके चिंचोके ठेवले. घाव बसला की तितके चिंचोके उचलावयाचे. पहारेकऱ्यांना खडूने आकडे घातले आणि त्यांची संख्या आठांवरून चारांवर आणली. नव्या सूत्रधाराने शत्रू थोडे ठेवावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. सैन्य मोठे असल्याने लढाई रंगत नाही. लांबते मात्र नक्की.

चौथी गोष्ट निर्णयाची. एखादा नियम आठवला नाही तर मनाला योग्य वाटेल तो निर्णय ताबडतोब द्यावा, तो दोन्ही बाजूंना सारखा लावावा, आणि पुस्तक लढाई संपल्यावर उघडावे. निर्णय चुकला असेल तर तसे मोकळेपणाने सांगावे. चुकीचा निर्णय मुले विसरतात. पक्षपात विसरत नाहीत. तसेच, पहारेकरी शेवटचा पडेपर्यंत लढाई ताणू नये. निकाल दिसू लागला की शत्रूने शरण यावे किंवा पळावे. सूत्रधार हा खेळाडूंचा वैरी नव्हे. त्याला कोणावर विजय मिळवावयाचा नसतो.

यावर कोणी म्हणेल की, “इतकी शिस्त आली की मौज गेली. लढाई म्हणजे का पंगत आहे, की ओळीने वाढावे?” हा आक्षेप अगदीच पोकळ नाही. सूत्रधाराने केवळ आकडे वाचून दाखविले तर लढाईचा जमाखर्च होतो. म्हणून प्रत्येक घावानंतर एखादे वाक्य तरी सांगावे: ठिणगी उडाली, मशाल हलली, पहारेकरी दोन पावले मागे सरला. परंतु शिस्त आणि वेग यांचे हाडवैर आहे, हे मला मान्य नाही. आपला खो-खो पाहा. आठ गडी आपापल्या चौकोनात आळीपाळीने उलट दिशांना तोंडे करून बसलेले असतात, आणि ‘खो’ मिळाल्याशिवाय कोणी उठावयाचे नाही, असा सक्त दंडक आहे. तरीही त्याच्याइतका वेगवान खेळ क्वचितच सापडेल. किंबहुना त्या दंडकामुळेच तो वेगवान आहे. नऊही जण एकदम धावू लागले तर तो खो-खो राहणार नाही. मधल्या सुटीतला हुल्लड होईल. महाभारतातही युद्धाला आरंभ होण्यापूर्वी कौरव-पांडवांनी युद्धाचे नियम ठरविले होते, आणि ते पुढे मोडले गेले याचेच दुःख आपण आजवर सांगत आलो आहोत.

आता त्या दुसऱ्या लढाईचे काय झाले ते सांगतो. पाटीवर चुलतभावाचे नाव चौथे होते. त्याचा क्रम आला तेव्हा दोघांचे चिंचोके संपत आले होते आणि दरवाजा अडलेलाच होता. मित्राने त्याचे नाव पुकारले. सगळे गप्प झाले. तो जरा घुटमळला. मोजणी सहापर्यंत आली. मग तो म्हणाला, “मी कोणाला मारत नाही. मी मशाल विझवतो.”

मी फासा टाकावयास सांगितला. सतरा पडले. मशाल विझली, अंधार झाला, आणि पाचही जण खलिता घेऊन पहारेकऱ्यांच्या बगलेखालून निसटले. एकाही पहारेकऱ्याला त्यानंतर वार बसला नाही. सोप्यात जो आरडाओरडा झाला तो ऐकून आजी स्वयंपाकघरातून बाहेर आली.

नंतर मी त्याला विचारले, “तुला हे सुचलं कसं?” तो म्हणाला, “पहिल्या दिवशीच सुचलं होतं.”

विद्यार्थी मित्रहो, मला हे उत्तर फार लागले. ती युक्ती पहिल्या दिवशीही तेथेच, माझ्यापासून दोन हातांवर होती. मी तिला पाळी दिली नाही, एवढेच. आपल्या वर्गात, संघात, स्नेहसंमेलनाच्या तयारीत असे कितीजण मुठीत मावळा धरून दारात उभे असतील! त्यांना कोणी अडविलेले नसते. त्यांचे नाव पुकारावयाचे कोणाला सुचत नाही, इतकेच. पुढच्या सुटीत तुमच्यापैकी कोणी असा खेळ मांडलाच, तर भारी फासे आणि रंगीत नकाशे नसले तरी अडणार नाही. एक पाटी, एक खडू आणि मूठभर चिंचोके जवळ ठेवा, आणि यादीतले शेवटचे नाव पहिल्या नावाइतक्याच मोठ्याने पुकारा.