किती वाजता लागलं?

चार वर्षांपूर्वी पैठण रस्त्यावर माझा मावसभाऊ रात्री मोटारसायकलवरून येताना उसाच्या उभ्या ट्रॉलीवर आदळला. ट्रॉलीला मागे दिवा नाही, रेडियमची पट्टी नाही. लोकांनी जीपमध्ये घातलं. एक दवाखाना, मग दुसरा, मग तिसरा. तिसऱ्या ठिकाणी निवासी डॉक्टरनं विचारलं, "किती वाजता लागलं?" आम्ही तिघांनी तीन वेळा सांगितल्या. दुसऱ्या दिवशी तो गेला.

पुढे विम्यासाठी कागद गोळा केले. गाडीचा नंबर, पोलीस ठाण्याचं नाव, पंचांच्या सह्या, सगळं होतं. अपघाताची वेळ मात्र दर कागदावर वेगळी. पहिल्या दोन दवाखान्यांत रक्तदाब किती होता, रक्त किती गेलं, काय दिलं, याची नोंदच नाही.

तेव्हापासून एक गोष्ट डोक्यातून जात नाही. आपल्याकडे जखमी माणसाबद्दल जे लिहिलं जातं ते पोलिसांसाठी, कोर्टासाठी आणि विमा कंपनीसाठी. पुढच्या जखमीसाठी कोण लिहितं?

वेळेचं एवढं काय, असं तुम्ही म्हणाल. तर ऐका. २०१० साली 'क्रॅश-२' नावाच्या चाचणीचे निष्कर्ष आले. ४० देश, २७४ इस्पितळं, २०,२११ जखमी. ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड हे साधं, स्वस्त औषध रक्तस्राव होणाऱ्या जखमीचा जीव वाचवू शकतं. पण पुढच्याच वर्षी त्याच आकड्यांवरून दिसलं की लागल्यापासून तीन तासांच्या आत दिलं तरच फायदा, उशिरा दिलं तर उलट अपाय होऊ शकतो. म्हणजे "किती वाजता लागलं" हा उगीच विचारलेला प्रश्न नव्हता. या चाचणीत भारतातलेही बरेच रुग्ण होते. पण प्रश्न ठरवला आणि हिशेब मांडला तो लंडनमध्ये.

आपल्या माणसांना हे जमत नाही, असं मात्र कुणी म्हणू नये. २०१३ ते २०१५ या काळात मुंबईचं केईएम आणि सायन, दिल्लीचं एम्स ट्रॉमा सेंटर आणि कोलकात्याचं एसएसकेएम अशा चार इस्पितळांत सुमारे १६,००० जखमींची नोंद झाली. 'टिटको' हे त्या कामाचं नाव. स्वीडनच्या संस्थेची साथ होती, पण मुंबईचे सर्जन नोबोजित रॉय त्यात पुढे होते आणि नोंदी घेणारी मुलं-मुली इथलीच होती. ती डॉक्टर नव्हती, या कामासाठी शिकवून तयार केलेली होती. अपघात विभागात पाळीनं थांबून लिहून घ्यायची. एवढ्या मोठ्या इस्पितळांत किती जखमी दगावतात आणि केव्हा, ते त्यामुळे पहिल्यांदा नीट कळलं.

त्या चारांत मराठवाडा नव्हता. आणि इथे तर कन्नडचा घाट आहे, जालना रोड आहे, आता समृद्धी आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये वैजापूरजवळ एका अपघातात १२ जण गेले. चार-पाच जिल्ह्यांचे जखमी शेवटी आमच्या घाटीत येतात. वाटेत तीन दवाखाने करून येणारा मुंबईचा नसतो, इथला असतो. त्याचे प्रश्न मुंबईच्या आकड्यांतून कसे सुटणार?

डॉ. हिंमतराव बावस्करांचं उदाहरण घ्या. माणूस जालना जिल्ह्यातला. नोकरीला कोकणात महाडकडे गेला. विंचू चावलेली पोरं डोळ्यादेखत मरत होती. ते खाटेशेजारी बसले, तासातासाची नाडी, रक्तदाब, घाम लिहीत गेले. १९८२ साली त्यांचा निबंध 'लॅन्सेट'मध्ये छापला गेला. पुढे प्राझोसिनच्या साध्या गोळीनं विंचूदंशाचे मृत्यू फार कमी झाले. प्रयोगशाळा नव्हती, वही होती. पण दर तालुक्यात एक बावस्कर आपोआप उगवेल, या भरवशावर किती दिवस बसायचं?

"आधी खाटा द्या, रक्त द्या, डॉक्टर द्या, संशोधन कसलं करताय" असं एका मित्रानं मला सुनावलं. अहो, पण आधी काय द्यायचं हे कशावरून ठरवणार? माणसं रस्त्यात मरतात, दुसऱ्या दवाखान्यात मरतात की ऑपरेशनची वाट बघत मरतात? हे माहीत नसेल तर पैसा फीत कापण्यासारख्या वस्तूवरच जाणार.

पदव्युत्तर डॉक्टरांना प्रबंध तर लिहावाच लागतो. त्यातले थोडे तरी या प्रश्नांवर लिहून घ्या. परिचारिका, समाजकार्य शिकलेली मुलं यांना मोजायला, विचारायला, आकडे तपासायला शिकवा आणि त्याचा रीतसर पगार द्या. फुकटची सेवा म्हणून नको, दोन महिन्यांत बंद पडते. आणि निघालेलं उत्तर इंग्रजी नियतकालिकात जाण्याआधी तालुक्याच्या दवाखान्यात मराठीत वाचून दाखवा.

मावसभावाचा जीव वाचला असता का? माहीत नाही. कुणालाच माहीत नाही, आणि माझा राग त्यावरच आहे.

असो.