पर्जन्यमापकाची निगा, गावाची राखण

शेतकऱ्याच्या पदरी पडणारी मदत आज मिलिमीटरवर ठरते. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, तर ती अतिवृष्टी मानली जाते. अंबड, घनसावंगीकडील मोसंबीच्या हवामानाधारित विम्याची भरपाईही मुख्यतः संदर्भ हवामान केंद्राच्या नोंदींवर ठरते. ‘महावेध’ प्रकल्पात २०१७ पासून महसूल मंडळांत उभारलेली स्वयंचलित केंद्रे म्हणूनच केवळ शास्त्रज्ञांच्या उपयोगाची नव्हेत. ती शेतकऱ्याच्या हिशेबाची तागडी आहेत. तागडीत दोष शिरला, तर वजन खरे कसे येणार?

अशा पर्जन्यमापकाची रचना साधी असते. नरसाळ्यातून आलेले पाणी आत तोलून धरलेल्या दोन चिमुकल्या पात्रांपैकी एकात पडते. ते भरले की कलंडते व दुसरे त्याच्या जागी येते. प्रत्येक कलंडण्याची खूण डेटा लॉगर, म्हणजे नोंदपेटी, टिपून घेते. सौर पट्टीवर भारित होणारी बॅटरी या पेटीला वीज पुरवते.

आता नरसाळ्याच्या तोंडाशी कडुनिंबाचा पाला, पाखरांची विष्ठा वा कोळिष्टक अडकले असे समजा. रात्रीतून मुसळधार पाऊस पडला, तरी पाणी थेंबथेंब झिरपत राहते आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाच्या खात्यावर चढते. पाऊस पडला तेवढाच. परंतु कागदावर अतिवृष्टी झालीच नाही! यंत्र खोटे बोलत नाही. पोहोचले तेवढेच पाणी ते मोजते.

‘यंत्र दुसऱ्याचे, आपल्याला काय त्याचे?’ असे म्हणून चालणार नाही. दुरुस्ती हे नेमलेल्या तंत्रज्ञाचेच काम आहे. कुंपणाच्या आत इतरांनी हात घालू नये. नरसाळ्यात पाणी ओतून पाहण्याचा मोह तर कटाक्षाने टाळावा, कारण ओतलेले पाणीही पाऊस म्हणून नोंदले जाते. मात्र लक्ष ठेवणे हे गावाचे काम आहे, आणि तेच नियमाने होत नाही असे आमचे स्पष्ट मत आहे.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी पावसाळ्यापूर्वी एकदा व पावसाळ्यात दर आठवड्यास केंद्राची बाहेरून पाहणी करावी. सौर पट्टीवर धूळ साचली आहे काय, खांब कलला आहे काय, वेल वा फांदी जवळ आली आहे काय, हे पाहावे. झाड किंवा भिंत पर्जन्यमापकाच्या काठापेक्षा जेवढी उंच असेल, त्याच्या दुप्पट तरी दूर असली पाहिजे. दोष दिसताच तालुका कृषी कार्यालयास लेखी कळवून पोच घ्यावी.

शेतकरी बंधूंनीही उघड्या जागी सपाट बुडाचे, सरळ काठाचे भांडे ठेवून रोज सकाळी साडेआठ वाजता त्यातील पाण्याची खोली पट्टीने मोजावी आणि वहीत तारखेसह लिहावी. ही नोंद सरकारी ठरणार नाही. परंतु केंद्राच्या आकड्याशी तिचे वारंवार मोठे अंतर पडू लागले, तर तपासणी मागण्यास आधार मिळेल. नुकसान झाल्यावर आकड्यांशी भांडण्यापेक्षा आकडा घेणारे यंत्र आधीच स्वच्छ राखून घेणे अधिक हिताचे आहे.